डावीकडे जरा मंद

हॅलो, येतोय ना आवाज? दोन्ही बाजूंनी? मग ठीक. मी हेडफोन बोलतोय. डोक्यावरून जाणारा, दोन्ही कान झाकणारा, काळा. दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असतो ना, तोच मी. वरच्या फळीवरचे माझे श्रीमंत भाऊबंद काचेआड दिव्याखाली बसतात. त्यांना हात लावायचा तर दुकानदाराला किल्ली मागावी लागते. मला मात्र कोणीही उचलतं, ताणतं, कानाला लावून बघतं आणि "या किमतीत आणखी काय मिळणार म्हणा!" असं पुटपुटत परत ठेवतं.

तुम्हाला वाटेल, हा आता रडगाणं गाणार. छे! मला माझी किंमत माहीत आहे आणि माझी लायकीही माहीत आहे. या दोन गोष्टी एकच नाहीत, हेही मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे ऐकायचं तर नीट बसून ऐका.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. एकीने तारा जोडल्या, एकाने कानाच्या गाद्या बसवल्या, आणखी एकाने डोक्यावरची पट्टी दहा वेळा ताणून सोडून पाहिली. पट्ट्याच्या टोकाला एक पोक्त बाई बसायची. तिचं काम एकच, आमच्यातला प्रत्येक जण तपासायचा आणि दोन्हीकडचा आवाज सारखा आहे का ते बघायचं. तिने मला लावलं, ऐकलं, यंत्राचा काटा पाहिला आणि म्हणाली, "पास." मग माझ्या डाव्या कानाच्या कडेला जो बारीक उंचवटा असतो, त्यावरून अंगठा फिरवून मला खोक्यात टाकलं. तो उंचवटा डावं-उजवं न बघता कळावं म्हणून असतो. तिच्या त्या एका शब्दावर मी पुढे किती अपमान पचवले ते तुम्हाला कळेलच.

माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नॉइज कॅन्सलिंग' असं छापलेलं आहे. लोकांना वाटतं, काहीतरी जादू आहे. जादू कसली डोंबलाची! माझ्या दोन्ही कानांत बारके माइक आहेत. बाहेर जी घरघर चालते ती ते टिपतात, आणि मी लगेच तिच्या बरोबर उलटी घरघर आत सोडतो. तोंडाळ जावेला तोडीस तोड दुसरी जाऊ भेटली की दोघी कशा एकदम गप्प होतात, तसं ते. बसचं इंजिन, पंखा, खालच्या गल्लीतला पंप, असले जाडे आवाज मी चुटकीसरशी झोपवतो. पण शिट्टी, किंकाळी, कुकरचा फुस्कारा असले बारीक आवाज मला आवरत नाहीत. आहे ते आहे. उगाच थापा मारायला मी काय जाहिरात आहे?

तर मला विकत घ्यायला कोणी आलंच नाही. कंपनीने मला थेट परीक्षेला बसवलं.

एक मासिक होतं. काय घ्यावं, काय घेऊ नये, एवढंच त्यात असायचं. त्यात एका बाईंचं सदर होतं, 'आधी मी, मग तुम्ही'. दर महिन्याला एखादी स्वस्तातली आवाजाची वस्तू त्या स्वतः वापरायच्या आणि मग लिहायच्या. बाई पन्नाशीच्या पुढच्या, काटकुळ्या, जाड काड्यांचा चष्मा लावणाऱ्या. त्याआधी पंचवीस वर्षं त्या रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाला होत्या. मासिकाच्या कचेरीत त्यांना 'कानवाल्या बाई' म्हणत. दुकानदार त्यांचं सदर कापून काचेवर चिकटवत. "बाईंनी पास केलंय" एवढं म्हटलं की गिऱ्हाईक निमूटपणे पैसे काढायचं. मला तर आनंदाने हुरळून जायला झालं. म्हटलं, चला, कुणीतरी जाणकार भेटलं!

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. समोर रस्त्यापलीकडे गाड्यांचे पत्रे ठोकण्याचं गॅरेज, शेजारच्या घरात जुन्या फरशा फोडण्याचं काम, आणि घरात सासूबाई. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रावर. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं, आणि बोलणं असं की गॅरेजवाल्यांनी हातोडा थांबवून वर बघावं. माझ्यासारख्याची परीक्षा घ्यायला याहून झकास घर सापडायचं नाही.

परीक्षा म्हणजे नुसतं कानाला लावून मान डोलवणं नव्हे हं. बाईंची पद्धत कडक होती. आधी चष्म्याची परीक्षा. चष्म्याची काडी कानाच्या गादीखाली शिरली की फट पडते आणि बाहेरचा गोंगाट आत घुसतो. माझी गादी मऊ, ती काडीभोवती बरोबर बसली. बाईंनी वहीत लिहिलं, 'चष्म्यासह ठीक.' मग वाकण्याची परीक्षा. मला घालून त्या वॉशिंग मशीनमध्ये डोकं घालून तळाचे मोजे काढायच्या. मी घसरलो नाही. मग चावण्याची परीक्षा. कडक टोस्ट खाताना जबडा हलतो, त्याबरोबर मीही हललो तर गुण कापले. मग इस्त्रीची परीक्षा. तीन तास सलग इस्त्री करायची आणि दर अर्ध्या तासाने कानाला घाम किती आला, टाळू किती दुखली ते लिहायचं. दोन तासांनंतर बाई डोक्यावरच्या पट्टीखाली बोट घालून चोळायला लागल्या. तिथे माझे दोन गुण गेले. गेले तर गेले, मी नाही म्हणत नाही. माझी पट्टी डोकं जरा आवळते खरी.

शेजारच्या फरशा फुटायला लागल्या की बाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि माझं बटण चालू-बंद करून बघायच्या. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मिक्सर लावू का आता?" आणि उत्तराची वाट न बघता लावायच्या. गॅरेजची धडधड मी अर्ध्यावर आणली, पंखा पार पुसून टाकला, मिक्सरने मात्र मला जेमतेम दाद दिली. बाईंनी सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. मला त्यांचा फार आदर वाटायला लागला.

आणि एक शिस्त सांगायची राहिली. मला डोक्यावर चढवण्याआधी बाईंचा अंगठा माझ्या कडेवरचा तो उंचवटा शोधायचा. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. फोन वाजत असो की दूध उतू जात असो, त्यात कधी चूक नाही. पोरंटोरं आम्हाला हवं तसं घालतात, उलटं, गळ्यात, एका कानावर. बाईंनी सदराच्या पाच वर्षांत एकही हेडफोन उलटा घातला नव्हता. याच शिस्तीने त्यांचा घात केला.

शेवटची परीक्षा आवाजाची. बाईंकडे रेडिओच्या दिवसांत त्यांनीच केलेलं एक ध्वनिमुद्रण होतं. एका खोलीत चार बायका मिळून गाण्याचा सराव करतायत. मधे दोघी, उजवीकडे एक जाड आवाजाची, आणि डावीकडची गाता गाता कागदाचं पान उलटते. त्या पानाची सळसळ इतकी बारीक की कच्चा हेडफोन ती गिळूनच टाकतो. बाई प्रत्येकाला हेच ऐकवायच्या.

मी जीव ओतून वाजलो. जाड आवाज जाड, मधल्या दोघी मोकळ्या, आणि डावीकडून ती सळसळ अशी स्वच्छ सोडली की माझं मलाच कौतुक वाटलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग वही ओढली आणि लिहिलं, 'डावीकडे जरा मंद.'

मी थक्क! अहो बाई, कसलं मंद? आताच तर दिली सळसळ! आवाज काढणारे माझे दोन्ही पडदे एकाच तुकडीतले, कारखान्यातली ती पोक्त बाई पास म्हणालेली. पण माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. मी जन्मभर दुसऱ्याचंच बोलणं बोलतो. स्वतःची बाजू मांडायची तर मला तोंड नाही.

बाईंनी कंपनीला फोन केला. "तुमच्या नगात डावीकडे दोष आहे. दुसरा पाठवा." दोन दिवसांनी माझा सख्खा भाऊ आला, माझ्यासारखाच काळा, माझ्यासारखाच ठणठणीत. बाईंनी उंचवटा शोधला, त्याला चढवला, तेच गाणं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "हाही तसाच! म्हणजे सगळा घाणाच बिघडलाय यांचा."

मग त्यांनी जुन्या वह्या काढल्या. वर्षभरात मासिकात छापलेले तीन हेडफोन, तीन वेगळ्या कंपन्यांचे. तिघांच्याही पानावर बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं, 'डावीकडे जरा मंद.' बाई खुर्चीतून उठल्याच. त्यांना वाटलं, मोठीच लबाडी हाती लागली. स्वस्तातले हेडफोन बनवणारे सगळे मिळून डावीकडे हलका माल घालतायत, कोणाच्या लक्षात येतंय! तिघांवर नुसती टीका छापून झाली होती. आता माझ्यासकट चौघांवर उघड आरोप करायचा होता. दोन दिवस बसून त्यांनी लेख लिहिला. मथळा होता, 'डाव्या कानाची लूट'. संपादकांनी वाचला आणि फोनवर म्हणाले, "बाई, कमाल केलीत! सदरात नाही, पहिल्या पानावर घेतो. उद्या सकाळी छपाईला जातंय."

मी टेबलावर पडल्या पडल्या चरफडत होतो. उद्या हे छापून आलं की माझ्यासारखे हजारो फळीवरून काढून गोदामात फेकले जाणार. का, तर आम्ही लबाड! गरीब म्हटलेलं मी ऐकून घेतो, पण लबाड म्हटलं तर ऐकून घ्यायला मी तयार नव्हतो.

त्याच दुपारी शेजारी फरशा फोडण्याला जोर चढला. सासूबाई वैतागल्या. त्यांनी दोन्ही श्रवणयंत्रं काढून वाटीत टाकली आणि म्हणाल्या, "ते तुझं कर्णभूषण आण इकडे, जरा डोकं टेकते." बाईंनी उंचवटा चाचपून मला सासूबाईंच्या डोक्यावर नीट चढवलं, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. माझं बटण चालू केलं. सासूबाई पाच मिनिटांत आरामखुर्चीत घोरायला लागल्या. घोरणंही मी त्यांचं त्यांना ऐकू दिलं नाही.

तासाभराने संपादकांचा फोन आला. "बाई, एक वाक्य हवंय. ती पानाची सळसळ नेमकी कितव्या मिनिटाला येते?"

"थांबा, बघून सांगते," बाई म्हणाल्या. माझा भाऊ कंपनीकडे परत गेलेला, हाताशी मीच. एका हातात फोन. दुसऱ्या हाताने त्यांनी समोर उभं राहून सासूबाईंच्या डोक्यावरून मला अलगद उचललं आणि सरळ आपल्या डोक्यावर ठेवलं. घाई इतकी की पाच वर्षांत पहिल्यांदाच अंगठा उंचवट्यापाशी गेला नाही. आता तुम्हीच करून बघा. समोरासमोर असलेल्या माणसाच्या डोक्यावरचं काही न फिरवता आपल्या डोक्यावर घेतलं, की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मी उलटा बसलो होतो.

गाणं सुरू झालं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. आणि सळसळ आली. उजवीकडून. स्वच्छ, कोरडी, जशी मी रोज देत होतो तशीच.

बाईंचा हात हवेतच राहिला. त्यांनी मला काढलं, उंचवटा पाहिला, तो उजव्या कानाकडे होता. माझा डावा पडदा त्यांच्या उजव्या कानावर होता आणि त्यातून सळसळ लख्ख ऐकू आली होती. आणि त्यांची डावी बाजू? तिथे आता माझा उजवा पडदा होता, ज्याला त्यांनी पूर्ण गुण दिले होते. तीच बाजू आता मंद झाली होती. दोष माझ्याबरोबर हलला नव्हता. तो बाईंपाशीच राहिला होता.

"बाई? कितवं मिनिट?" फोनमधून संपादक विचारत होते.

"मी... मी करते तुम्हाला फोन," एवढंच बाई म्हणाल्या.

त्यांनी मला सहा वेळा सुलटा-उलटा करून ऐकलं. मग उशाचं गजराचं घड्याळ आणून उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. उजवीकडे टिकटिक, डावीकडे काहीच नाही. तेवढा वेळ मला वाटत होतं, आता नाचावं! निर्दोष सुटलो! पण बाईंचा चेहरा पाहिला आणि माझा सगळा तोरा उतरला. त्या भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसल्या होत्या. मला मांडीवर धरलं होतं.

सासूबाई जाग्या झाल्या. वाटीतली यंत्रं कानात घालत म्हणाल्या, "काय गं, काय झालं?"

"काही नाही, आई."

"हे 'काही नाही' मला नको शिकवू. ते मी सात वर्षं म्हटलंय."

सासूबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. "कानाचं आहे ना? बसलीस कशी, मान कशी वाकडी केलीस, तेवढ्यावरून कळलं मला."

मग बाईंचा बांध फुटला. "आई, डावा कान गेलाय माझा. पुरता नाही, पण बारीक आवाज सगळे गेलेत. आणि मी वर्षभर लोकांच्या मालाला नावं ठेवतेय! मला दुसरं येतं काय? या दोन कानांवरच तर आजवर जगले."

सासूबाई नेहमीसारख्या ओरडल्या नाहीत. मी त्यांचा हळू आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "माझे गेले तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. समोरचा बोलला की हसायचं आणि हो म्हणायचं, झालं. तुझ्या नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. एक दिवस मागच्या बिल्डिंगमधली जिन्यात भेटली. काहीतरी सांगत होती. मी आपली हसले आणि म्हटलं, बरं झालं बाई, छान झालं. ती बघतच राहिली. तिचा नवरा गेल्याचं सांगत होती गं ती."

शेजारचा घण नेमका तेव्हाच थांबला होता.

"दुसऱ्या दिवशी मी यंत्रं घेतली," सासूबाई म्हणाल्या. "पण ती बाई काही पुन्हा माझ्याशी बोलली नाही. तुझं अजून छापून आलेलं नाही ना? मग बसलीस काय अशी?"

बाई उठल्या. त्यांनी संपादकांना फोन लावला आणि सरळ सांगून टाकलं. संपादक म्हणाले, "पान छपाईसाठी लागलंय, बाई. पण हरकत नाही, तिथे दुसरं काहीतरी टाकतो. लेख काढून टाकू आणि विषय संपवू. कोणाला कळायचं कारण नाही."

"लेख काढाच. पण त्या जागी मी दुसरा देते. आधीच्या तिघांचंही लिहायचंय मला."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? तुमच्या सदराचं नाव काय, तुम्हाला लोक म्हणतात काय! स्वतःच्या हाताने लिहिणार की माझा कान बिघडलाय? उद्यापासून तुमचं ऐकेल कोण?"

"नाही ऐकलं तर नाही ऐकलं," बाई म्हणाल्या. "ते तिघं दुकानांतून गेले माझ्यामुळे. त्यांच्यात काही खोट नव्हती. हे मला माहीत असताना मी पुढच्या महिन्यात कुठल्या तोंडाने लिहू?"

संपादक एक मोठा उसासा टाकून म्हणाले, "सहा वाजेपर्यंत पाठवा. त्याच्यापुढे मला थांबता येणार नाही."

बाईंनी तो लेख माझ्या शेजारी बसून लिहिला. साधा, लहान. आधीच्या तीन हेडफोनांची माफी, तिघांचीही नावं घालून. दोष कसा सापडला ते जसंच्या तसं. 'तुम्हाला एका बाजूला कमी ऐकू आलं, तर हेडफोन उलटा घालून बघा' एवढी एक सूचना. आणि शेवटी माझा निकाल. आवाज दोन्हीकडे सारखा आणि मोकळा. जाड गोंगाट छान अडवतो, बारीक नाही. चष्म्यासह चालतो. डोक्यावर दोन तासांनी दाब जाणवतो. इथे सासूबाईंनी आपलं मतही घालायला लावलं, 'डोकं आवळतो मेला, पण झोप लागते.' ते तसंच छापलं गेलं. मासिकात सासूबाईंचं मत छापून आलेला मी पहिलाच हेडफोन असेन. मला त्याचा भयंकर अभिमान आहे.

पुढच्या आठवड्यात बाई डॉक्टरकडे गेल्या. रेडिओत वर्षानुवर्षं त्या एकाच कानावर मोठ्या आवाजात सूचना ऐकत काम करायच्या, आणि तो कान डावाच. बारीक आवाज गेले ते परत येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलं मात्र सांभाळता येईल. बाई घरी आल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. सासूबाईंनी दोनदा ताट वाढून ठेवलं, दोनदा झाकून ठेवलं.

अंक बाहेर पडला. पहिला आठवडा कोणी काही बोललंच नाही. दोन दुकानदारांनी काचेवरचं सदर काढून टाकलं, असं कानावर आलं. संपादकांचा दिवसाआड येणारा फोन येईनासा झाला. बाई रोज लिहायला बसायच्या, वही उघडायच्या, मिटायच्या. निर्दोष सुटल्याचा आनंद मला एकट्याने साजरा करवेना.

मग एका सकाळी संपादक स्वतःच जिना चढून आले. धापा टाकत म्हणाले, "बाई, हे बघा," आणि पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. काही रागाची होती. एकाने तर वर्गणी बंद केली होती. पण एक पत्र संपादकांनी वर काढून ठेवलं होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून. तो माणूस काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रावर होता.

'बाई, तुम्ही वर्षापूर्वी ज्याला डावीकडे मंद म्हणालात, तो हेडफोन माझ्याकडे आहे. तुमचं वाचून मी बायकोला म्हणालो होतो, बघ, बाईंनी बरोबर पकडलं, मलाही डावीकडे कमीच येतं. आता तुमचं हे नवं वाचलं आणि उलटा घालून पाहिला. तरी डावीकडेच कमी. डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, अजून बराच कान शिल्लक आहे, वेळेवर आलात. आता यंत्रावर कान झाकूनच उभा राहतो. माझी मुलगी चार महिन्यांची आहे. अजून बोलत नाही. ती बोलायला लागेल तेव्हा मला तिचा प्रत्येक शब्द ऐकायचा आहे.'

शेवटच्या ओळीला बाईंचा आवाज फुटेना. सासूबाईंनी हात पुढे करून पत्र घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली, आपल्या नेहमीच्या आवाजात. समोरच्या गॅरेजमधल्या एकाने मान वर करून पाहिलं.

"बाई," संपादक म्हणाले, "पुढच्या महिन्याचं कधी देताय?"

बाईंनी चष्मा पुसला. "आवाज तपासायला आणखी एक माणूस लागेल मला, चांगल्या कानांचं. आणि तसं छापायचंही."

"छापू की."

सदर चालू राहिलं. नाव तेवढं बदललं, 'आधी आम्ही, मग तुम्ही'. मासिकाचा नियम असा की तपासायला आलेली वस्तू परत करायची किंवा दुकानाच्या भावाने विकत घ्यायची. बाईंनी मला विकत घेतलं. म्हणजे खालच्या फळीवरचा मी, कानवाल्या बाईंच्या खास पसंतीचा झालो! आता त्या मला गाण्यापेक्षा जास्त बसमध्ये घालतात. काही न लावता, नुसती घरघर झोपवायला. घरी आल्या की मला काढतात आणि सासूबाईंच्या डाव्या हाताला जाऊन बसतात, म्हणजे आपला चांगला कान त्यांच्याकडे येईल अशा. मग दोघी एकमेकींवर ओरडत गप्पा मारतात.

तर मंडळी, माझं एक मागणं आहे. खालच्या फळीवर हात जाईल तेव्हा आम्हाला स्वस्त म्हणा, काळे म्हणा, डोकं आवळणारे म्हणा. खरं तेवढं आम्ही ऐकून घेऊ. पण कधी एका बाजूला कमी ऐकू आलं, तर रागाने परत ठेवण्याआधी मला एकदा उलटा घालून बघा. दोष माझ्याबरोबर सरकला, तर खुशाल मला फेकून द्या. आणि नाही सरकला, तर माझ्यावर रागावू नका. स्वतःवरही रागावू नका. फक्त 'काही नाही' म्हणू नका, घरातल्या कुणाला तरी त्याच दिवशी सांगा.